कारभारीचं कार्ड

भिंगारच्या वाचनालयात शिफारशीची दोन खाती होती. एक भिंतीवर चालायचं, दुसरं पिठाच्या गिरणीत.

भिंतीवरचं खातं शामकांत गंधे यांचं. गंधेसाहेब सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. दर महिन्याच्या सुरुवातीला ते धोतराचा सोगा खोचून स्टुलावर चढत आणि काळ्या फळ्यावर ‘या महिन्यात अवश्य वाचा’ असं लिहून खाली चार पुस्तकांची नावं घालत. अक्षर असं की येणारा-जाणारा थांबून बघे. बघून झालं की पुढं वर्तमानपत्राच्या टेबलाकडं जाई. फळ्यावर चढलेलं पुस्तक त्या महिन्यात कपाटातून हललंय, असं ग्रंथपाल नृसिंह पाठक यांना काही आठवत नव्हतं.

गिरणीतलं खातं केशरबाईचं. गिरणी तिच्या नवऱ्याची, पण नंबर लावणं, भांडणं सोडवणं आणि कोणी काय वाचावं हे ठरवणं, ही खाती तिच्याकडं. दळण होईपर्यंत बायका डब्यांवर टेकून बसत आणि पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलत.

“चारशे बारा वाचलं का गं?”

“वाचलं. लई रडवतंय.”

“तू आताच घेऊ नको. घरात लगीन हाय ना तुझ्या? लगीन होऊ दे, मग वाच.”

“सातशे सदतीस कसंय?”

“चांगलं हाय, पन सासू घरात असताना उघडू नको. हसू आवरत न्हाई.”

पुस्तकांना नावं असतात हे बायकांना माहीत नव्हतं असं नाही. पण नावाचा त्यांना उपयोग नव्हता. वाचनालयातली सगळी पुस्तकं एकाच बाइंडरनं एकाच तपकिरी कापडात बांधलेली, पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर. कपाटं कुलपात. सभासदानं चिठ्ठीवर नंबर लिहून द्यायचे, पाठकांनी पुस्तक काढून द्यायचं, अशी पद्धत. बायकांना वाचनालयात यायला मनाई नव्हती. पण पुस्तक बदलायच्या वेळेला टेबलाभोवती सगळा पुरुषवर्ग पेपर पसरून बसलेला असे, आणि बाई दारात दिसली की पेपर एकदम खाली येत. एवढ्या डोळ्यांतून वाट काढून पुस्तक आणण्यापेक्षा नवऱ्याच्या खिशात चिठ्ठी घालणं सोपं. शिवाय चिठ्ठीवर नुसता आकडा. प्रेमकथा आहे की पोथी, नवऱ्याला कळत नाही, सासूला तर नाहीच.

त्यामुळं वाचनालयाच्या रजिस्टरात भिंगारचे पुरुष मोठे रसिक दिसत. कार्ड घरटी एक, आणि ते कुटुंबप्रमुखाच्या नावानं. टांगेवाले, लष्करी डेपोतले कामगार, मिठाईवाले, सगळ्यांच्या नावावर कादंबऱ्यांचे ढीग जमा. प्रत्यक्षात त्यांतले निम्मे लोक पेपरातल्या कुस्तीच्या बातमीपलीकडं गेलेले नव्हते.

बाहत्तर सालच्या पाडव्याच्या आधी पाठकांनी वर्षाची बेरीज केली आणि चष्मा काढून पुसला. वाचनालयाचा रिवाज असा की, वर्षभरात ज्या कार्डावर सगळ्यांत जास्त पुस्तकं बदलली गेली त्या सभासदाला पाडव्याच्या समारंभात ‘उत्तम वाचक’ म्हणून श्रीफळ द्यायचं. त्यानं वर्षभराच्या वाचनावर चार शब्द बोलायचे. आणि खरा मान पुढं: त्या वर्षीची नवीन पुस्तकं कोणती घ्यायची, ते त्यानं ठरवायचं.

मागची तीन वर्षं हा मान गंधेसाहेबांकडं होता. वाचनालयात पचनक्रिया, उपवास, दीर्घ श्वसन आणि पाठीचा कणा या विषयांचं एक अख्खं कपाट भरलं होतं. त्या कपाटाचं गंजकं कुलूप एकट्या गंधेसाहेबांसाठीच उघडत असे.

या वर्षी नाव निघालं कारभारी बोरुड्यांचं.

कारभारी डेपोत हमाल-मुकादम. माणूस आडवा, मिशी उभी, तरुणपणी तालमीत गेलेला. वाचनालयात तो रोज यायचा हे खरं. दारातूनच “नृसिंहराव, हे घ्या” म्हणून चिठ्ठी द्यायची, पुस्तक काखेत मारायचं, टेबलावरच्या दोघांची चेष्टा करायची आणि जायचं. बातमी त्याला टेबलावरच कळली.

“बोरुडे, अभिनंदन!” गंधेसाहेब पेपराआडून म्हणाले. “आपण एवढे व्यासंगी आहात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.”

“मलाबी आत्ताच कळतंय, साहेब,” कारभारी म्हणाला.

“पाडव्याला ऐकूच. मी पुढच्या रांगेत बसणार आहे. शंकाही विचारीन एकदोन.”

कारभारी हसत बाहेर पडला, पण घरी गेल्यावर त्यानं पुस्तक चुलीपाशी ठेवलं आणि बायकोपुढं मांडी घातली.

“छबू, तुझ्या वाचनापायी मला नारळ मिळतोय.”

छबूबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. “उत्तम वाचक? आपलं कार्ड?”

“व्हय. भाषान करायचंय. उद्या सांगून टाकतो नृसिंहरावांना, की बाबा, मी काय वाचलं न्हाई, दुसऱ्याला द्या.”

“खबरदार!” छबूबाईनं पिठाचा हात त्याच्यापुढं नाचवला. “दुसऱ्याला म्हंजे कोनाला? गंधेसाहेबाला! परत वर्सभर पोटाचीच पुस्तकं. अवो, गिरनीत आमी सगळ्याजनी वाट बघतोय. कपाटातलं वाचन्याजोगं सगळं वाचून झालंय. चारशे बारा तर समद्यांनी दोन-दोन डाव वाचलं. नवीन पुस्तकं यंदा मी निवडनार.”

“तू कशी? नाव माझं हाय.”

“नाव तुमचं, वाचलेलं माझं. तुमी फकस्त त्या दिवसापुरतं निभावून न्या. नारळ हातात पडला की पुस्तकं मी बघते.”

हे कारभारीला पटलं. बायकोला काहीतरी हवंय आणि ते आपल्या हातात आहे, असा योग त्याच्या संसारात वारंवार येत नसे. त्यानं छबूबाईकडून एका पुस्तकाची गोष्ट शिकून घ्यायचं कबूल केलं. छबूबाईनं चारशे बारा निवडलं.

“मालन नावाची पोर असती. तिचा बाप तिचं लगीन म्हाताऱ्याशी ठरवतो. तिचं मन दुसऱ्यावर असतं—”

“त्यो दुसरा काय करतो?”

“शिकत असतो.”

“कमावत न्हाई? मग बापाचं काय चुकलं?”

“अवो, म्हातारा हाय नवरा!”

“जमीन किती हाय म्हाताऱ्याची?”

छबूबाईनं उलथणं आपटलं. रोज संध्याकाळी शिकवणी झाली, आणि रोज कारभारी मालनच्या बापाच्या बाजूनं बोलला. शेवटी छबूबाईनं नाद सोडला. “तुमी तिथं गेलात आन् असं बोललात तर बायका जोडे मारतील.”

“तू भिऊ नको,” कारभारी मिशीला पीळ देत म्हणाला. “मला जे ठावं हाय ते मी बोलन. दुसऱ्याचं पाठ करून मला जमत न्हाई. पन मागं हटनारा मानूस मी न्हाई.”

“त्याचंच तर भ्या वाटतंय,” छबूबाई म्हणाली.

पाडव्याच्या संध्याकाळी वाचनालयाच्या अंगणात सतरंज्या पडल्या. मागल्या हिवाळ्यात लढाईच्या ब्लॅकआउटसाठी काचांना लावलेले काळे कागद अजून एकदोन खिडक्यांवर तसेच होते. पाठकांनी त्यांवरच तोरण बांधलं. पुढं पुरुष, डाव्या अंगाला ओट्यावर बायका. एरवी बायका चार-पाच यायच्या. त्या दिवशी केशरबाईनं गिरणी बंद ठेवली होती, त्यामुळं ओटा गच्च भरला. अध्यक्ष म्हणजे बाजारातले म्हातारे डॉक्टर. त्यांना ऐकू कमी येई, आणि सभा शांत चालायला त्याचा फार उपयोग होई.

पाठकांनी अहवाल वाचला. मग कारभारीचं नाव पुकारलं. तो इस्त्रीचा सदरा घालून उभा राहिला.

“मंडळी, रामराम. आपल्याला भाषनाची सवय न्हाई. पन पुस्तकाची लई म्हाइती हाय. पहिलं घेतो चारशे बारा.” ओट्यावर बायका सावरून बसल्या. “हे पुस्तक घरात आलं त्या दिवशी वरन करपलं. दुसऱ्या दिवशी भाकरी करपली. मी म्हनलो काय झालं, तर हिच्या डोळ्याला पदर. मी म्हनलो म्हायेरी काय झालं का? तर म्हनती, न्हाई, मालनचं झालं. मला वाटलं पावन्यातली कोन मालन गेली. भावाला इचारलं, मेव्हन्याला इचारलं, काष्टीला बाजारात चुलता भेटला त्याला इचारलं. त्यो म्हनला, आपल्यात मालनच न्हाई.”

पहिल्यांदा केशरबाई हसली, मग ओटा, मग सतरंज्या. अध्यक्ष सगळे हसतात म्हणून हसले.

“सातशे सदतीस,” कारभारी पुढं म्हणाला. आता त्याला जोर चढला होता. “हे आलं की ही चुलीपुढं एकटीच हसती. आई म्हनली, पोरीला बाहेरचं झालं, देवरुशी आन. मी म्हनलो, आये, देवरुश्याची गरज न्हाई, उद्या पुस्तक परत देतो. दिलं. हसनं थांबलं. आता शहान्नव. शहान्नव आलं त्या दिवशी सनसूद नसताना घरात पुरनपोळी. का, ते मला अजून कळलं न्हाई. पन तवापासनं ते पुस्तक मी चिठ्ठीत नसलं तरी आनतो.”

“म्हणूनच ते माझ्याकडं कधी नसतं!” पाठक न राहवून म्हणाले.

हसण्यातच गंधेसाहेब उभे राहिले. त्यांनी उपरणं सारखं केलं.

“अध्यक्ष महाराज, एक शंका. बोरुडे, चारशे बाराचा शेवट काय आहे?”

छबूबाईनं केशरबाईचा दंड धरला.

“शेवट वाईटच असनार, साहेब,” कारभारी शांतपणे म्हणाला. “त्या रातीला मला जेवायला कोनी बोलावलं न्हाई.”

“असणार? म्हणजे आपण ते वाचलेलं नाही.”

“न्हाई.”

“एकही पुस्तक?”

“एक धरलं हुतं हातात, कुस्तीचं. चित्रं बघितली. डाव चुकीचे काढलेत त्यात.”

गंधेसाहेब सभेकडं वळले. त्यांच्या आवाजात विजय होता, पण सभ्य माणसाचा, म्हणजे बारीक. “बोरुड्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक आहे. परंतु ज्यांनी वाचलंच नाही त्यांना उत्तम वाचक कसं म्हणावं? कार्ड ज्याचं, वाचन त्याचं असलं पाहिजे. नसेल, तर तो हिशोब रद्द धरून पुढचं नाव घ्यावं.”

पुढचं नाव कोणाचं होतं ते सांगायची गरज नव्हती. पाठकांनी मान खाली घातली. कारभारीनं ओट्याकडं बघितलं. छबूबाईचा चेहरा पडला होता, आणि कारभारीला तो चेहरा कुठल्याही पुस्तकाशिवाय वाचता आला. “साहेब,” तो म्हणाला, “मला नारळ नको. पन वाचनारी तिथं बसलीय. तिचा हिशोब रद्द कशापायी?”

“तिचं कार्ड नाही, बोरुडे. मी तरी काय करणार?”

तेव्हा केशरबाई उठली. गिरणीत बोलून तिचा आवाज असा तयार झाला होता की अध्यक्षांनाही ऐकू आला.

“गंधेसाहेब, तुमच्या कार्डावरची समदी तुमीच वाचली का?”

“अर्थात!”

“चारशे बाराबी?”

गंधेसाहेब घुटमळले. चारशे बारा त्यांनी नेलं होतं. नेताना चिठ्ठी खिशात होती, भाजीच्या पिशवीबरोबर. बायकोच्या पुस्तकांना ते वाचन समजतच नव्हते. मीठ-मिरची जशी घरात येते तशी ती येत. फक्त वर्षाच्या बेरजेत मात्र ती त्यांना चालत.

ओट्याच्या टोकाला सुमेधाबाई गंधे बसल्या होत्या, नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन. त्या उभ्या राहिल्या नाहीत, बसूनच बोलल्या. “चारशे बारा मी मागवलं होतं. लग्नघरात देऊ नका, हे केशरबाईंना मीच सांगितलं. आमच्या कार्डावरची निम्मीअधिक माझीच आहेत. ह्यांची सगळी त्या गंजक्या कपाटातली.”

“अगं, पण—” गंधेसाहेब म्हणाले.

“आता बेरीज कुणाची धरायची ते तुम्हीच सांगा. हिशोबात तुम्ही पक्के.”

सतरंजीवर चुळबूळ सुरू झाली. मिठाईवाल्यानं टांगेवाल्याकडं बघितलं, टांगेवाल्यानं जमिनीकडं. वाचलं नाही त्यांचा हिशोब रद्द धरायचा ठरला, तर त्या अंगणात कार्ड उरणार होतं कोणाचं? उत्तम वाचक म्हणून एखादा शाळामास्तर निघाला असता, पण त्याच्याकडं गेल्या पावसाळ्यापासून पुस्तक थकलेलं होतं.

गंधेसाहेब हेडक्लार्क उगाच झालेले नव्हते. कुठली फाईल आपल्या अंगावर येतेय हे त्यांना दुरून कळे, आणि अशा वेळी ती फाईल आपणच मांडावी हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी घसा साफ केला.

“अध्यक्ष महाराज, माझी मूळ सूचना हीच होती की मान खऱ्या वाचकाला मिळावा. तेव्हा मीच ठराव मांडतो, की श्रीफळ सौ. छबूबाई बोरुडे यांना द्यावं.”

“अनुमोदन!” पाठक इतक्या घाईनं म्हणाले की त्यांच्या हातचा नारळ सुटता सुटता राहिला.

छबूबाई पुढं आली. नारळ घेतला, कपाळाला लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला. “नारळ तुमचा. चालून पाय तुमचे दुखलेत.” मग ती पाठकांकडं वळली. “अण्णा, नवीन पुस्तकं मी निवडनार ना?”

“तुम्हीच.”

“एक अडचण आहे,” गंधेसाहेब म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. कामाचा माणूस कामाचं विचारतो तसं त्यांनी विचारलं. “बाई, आपण पुस्तकं नंबरानं ओळखता. जी पुस्तकं अजून आपल्याकडं आलीच नाहीत, त्यांना नंबर नाही. त्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत का? मागवणार कशी?”

प्रश्न खरा होता. ओट्यावरच्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. गिरणीतली सगळी विद्या तपकिरी कापडापाशी संपत होती.

छबूबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, “नावं ठावं न्हाईत. खरं हाय. पन मी लुगडं घेते तवा त्याचं नाव तरी मला कुठं ठावं असतं? दुकानात जाते, घडी मोडते, पोत बघते, मग घेते. नगरात पुस्तकाचं दुकान असंल ना?”

“आहे की,” पाठक म्हणाले.

“मग मला तिथं न्या. समदी पुस्तकं माझ्यापुढं मांडा. मी उघडून बघन.”

“यादी पाठवून पुस्तकं मागवायची आपली पद्धत आहे,” पाठक चाचरत म्हणाले.

“यादीत घडी कुठं मोडता येती, अण्णा?”

अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. त्यांना नक्की काय ऐकू आलं होतं कोण जाणे, पण ते म्हणाले, “मंजूर.”

पुढच्याच आठवड्यात दोन टांगे भिंगारहून नगरला निघाले. एकात छबूबाई, केशरबाई आणि सुमेधाबाई. दुसऱ्यात पाठक, पिशव्या आणि गंधेसाहेब. गंधेसाहेबांना कोणी बोलावलं नव्हतं. देखरेख पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

कापडबाजाराच्या अलीकडं अरुंद गाळ्यातलं दुकान. दुकानदारानं तिघी बायका बघितल्या आणि आपोआप स्तोत्रांची चोपडी पुढं केली.

“ही न्हाई,” छबूबाई म्हणाली. “गोष्टीची. समदी काढा.”

“समदी? बाई, कुठल्या लेखकाचं हवंय ते सांगा, मी तेवढं काढतो.”

“ते मागनं बघू. आधी वाचून बघू द्या.”

एवढी उघडी पुस्तकं तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितली. एकही तपकिरी नाही. लाल, निळी, चित्रांची, जाड, बारीक. तिनं पहिलं उचललं, पदराला हात पुसले आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. पहिलं पान, मग दुसरं. खाली ठेवलं. दुसरं उचललं. हे तिसऱ्या पानापर्यंत गेलं. तिनं ते न बोलता सुमेधाबाईंकडं दिलं. सुमेधाबाईंनी दोन पानं वाचून केशरबाईकडं दिलं. केशरबाईला वाचायला वेळ लागे, ओठ हलत. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “ह्याला रांग लागंल.” पुस्तक पिशवीत पडलं.

बायका तासाभरात आटपतील असा पाठकांचा अंदाज होता. तास उलटून गेला. दुकानदारानं आधी चुळबूळ केली, मग घड्याळ बघितलं, मग चहा मागवला, आणि शेवटी बाईंसाठी आतलं स्टूल आणून ठेवलं. दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक पुस्तक घेऊन गेलं. जाताना ते विचारून गेलं, की बाई जे पिशवीत टाकतायत ते कोणतं? दुकानदारानं नाव सांगितलं. मग त्याच पुस्तकाच्या आणखी दोन प्रती त्यानं पुढल्या फळीवर आणून ठेवल्या. धंदा त्यालाही कळत होता.

गंधेसाहेब वरच्या फळीवरून एक पुस्तक काढून छबूबाईपुढं घेऊन आले. “हेही बघावं. श्वसनावर आहे. अतिशय उपयुक्त.”

छबूबाईनं नाही म्हटलं नाही. इतरांसारखंच ते उघडलं, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग विचारलं, “साहेब, ह्यात पुढं काय हुतं?”

“पुढं... माणूस श्वास सोडतो.”

“आन् मग?”

“परत घेतो.”

तिनं ते आदरानं त्यांच्या हातात परत दिलं.

गंधेसाहेबांनी ते परत फळीवर ठेवलं. मग त्यांनी बायकांनी बाजूला टाकलेल्या ढिगातलं एक पुस्तक उचललं. कादंबरी होती. छबूबाईनं दुसऱ्या पानावरच नापास केलेली. त्यांनी सवयीनं शेवटचं पान उघडायला सुरुवात केली, मग थांबून पहिलं उघडलं. वाचता वाचता ते दुकानाच्या दारात सरकले, बाहेरच्या उजेडाकडं पाठ करून, आणि पाचव्या पानाला लागले. बाईंनी टाकलेल्यातलं एवढं बरं असेल, तर पिशवीत पडलेलं कसं असेल, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. पान उलटताना त्यांनी एक नजर पिशवीकडं टाकलीदेखील.

“साहेब,” स्टुलावरून छबूबाईनं मान वर न करता हाक मारली.

“काय, बाई?”

“जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय.”